ट्रेकिंगच्या बुटाचा सोल निघाला आणि दुकानदार म्हणतो 'पाण्यात घातले ना?': अशा वेळी कायदा काय सांगतो?

राजगडाच्या चोर दरवाज्याने गुंजवण्याकडे उतरत होते. पाऊस भुरभुरत होता, दगड शेवाळलेले होते आणि मध्येच माझ्या उजव्या बुटाने आ वासला. सोल टोकापासून थेट चवड्यापर्यंत सुटला होता. मैत्रिणीने बॅगेतून नायलॉनची दोरी काढली, बुटाला तीन वेढे मारले आणि आम्ही कसेबसे खाली आलो. गावात पोचेपर्यंत ती दोरी चार वेळा बांधावी लागली. बूट घेऊन तेवीस दिवस झाले होते. साडेपाच हजार मोजले होते आणि हा त्यांचा दुसराच ट्रेक होता.

दुसऱ्या दिवशी बूट घेऊन दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, "पाण्यात घातले होते का?"

मी म्हटलं, "मान्सून ट्रेकसाठीच घेतले होते. तुम्हीच दाखवलेत."

"हो मॅम, पण वॉटरप्रूफ म्हणजे पाण्यात चालायचं असं नाही."

या वाक्यावर हसावं की रडावं हे मला आजही ठरवता आलेलं नाही. पुढचे संवाद तुम्हाला पाठ असतील. मॅनेजर आज नाहीत. तुम्ही कंपनीला मेल करा. फार तर फेव्हिक्विकने चिकटवून देतो. आणि शेवटी बिल उलटं करून मागे छापलेली ओळ दाखवली गेली: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

ट्रेकिंगचे बूट, तंबू, रकसॅक, हेडलॅम्प, रेनकोट अशा सामानाच्या दुकानात हा अनुभव अनेकांना येतो. टीव्ही बिघडला तर घरातलं मनोरंजन थांबतं, बूट फाटला तर पाय मुरगळू शकतो, तेही गाडी पोचत नाही अशा ठिकाणी. त्यामुळे आपले हक्क नेमके किती आणि कुठपर्यंत, हे नीट पाहू.

बिलामागच्या त्या ओळीला किती अर्थ आहे?

वस्तू सदोष असेल तर जवळजवळ काहीच नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याने १९८६ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. या नव्या कायद्याच्या कलम २(४७) मध्ये 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हणजे काय याची मोठी यादी आहे. सदोष वस्तू परत घ्यायला आणि तिचे पैसे द्यायला नकार देणं हे त्या यादीत स्पष्टपणे लिहिलेलं आहे. मुदत किती? बिलावर मुदत छापलेली असेल तर ती, छापलेली नसेल तर ३० दिवस. 'माल परत घेतला जाणार नाही' ही ओळ म्हणजे मुदत नव्हे. अशा ओळी आणि पाट्यांवर देशभरातल्या ग्राहक आयोगांनी वेळोवेळी ताशेरे ओढलेले आहेत, तरी छापखान्यातला तो जुना साचा काही जात नाही.

कायद्यातले शब्द पैसे परत करण्याबद्दल आहेत. म्हणून वस्तू सदोष असताना 'फक्त क्रेडिट नोट मिळेल, तीही तीन महिन्यांत वापरा' असं दुकानाने सांगितलं, तर ते मुकाट्याने मान्य करायचं बंधन तुमच्यावर नाही. तुम्हाला क्रेडिट नोट चालत असेल तर जरूर घ्या. नको असेल तर तसं लेखी सांगा.

बिलच दिलं नसेल तर? बिल न देणं हीसुद्धा याच यादीतली अनुचित व्यापारी प्रथा आहे. यूपीआयची नोंद, दुकानाशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅप बोलणं, कार्डाचा मेसेज हे सगळं खरेदीचा पुरावा म्हणून दाखवता येतं.

आणि ३० दिवस उलटून गेले तर हक्क संपला का? नाही. तो काळ फक्त या एका तरतुदीपुरता आहे. वस्तू सदोष असल्याची तक्रार ग्राहक आयोगात करायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. अर्थात दीड वर्ष वापरलेल्या बुटात मुळातच दोष होता हे पटवणं तेवढं कठीण जातं.

पण दोष होता हे ठरवायचं कसं?

वाद खरा इथे अडतो. दुकान म्हणतं वापरामुळे झालं, आपण म्हणतो मालच खराब होता. म्हणून बुटाचा सोल का निघतो हे थोडं समजून घेतलेलं बरं.

ट्रेकिंगच्या अनेक बुटांत तळाचं रबर आणि वरचा भाग यांच्यामध्ये फोमचा एक थर असतो, त्याला मिडसोल म्हणतात. तो बरेचदा पॉलियुरेथेनचा असतो. पॉलियुरेथेन टिकाऊ असतं, वजन चांगलं पेलतं, पण हवेतल्या ओलाव्याने त्याची रासायनिक बांधणी हळूहळू तुटत जाते. या प्रक्रियेला हायड्रोलिसिस म्हणतात. उष्णता आणि दमटपणा असेल तर ती वेगाने होते. गंमत म्हणजे बूट न वापरता खोक्यात ठेवले तरी ही प्रक्रिया थांबत नाही. चार-पाच वर्षं कपाटात राहिलेले, दिसायला नवेकोरे बूट पहिल्याच चढणीला भुगा होऊन पडल्याचे किस्से ट्रेकर्सच्या प्रत्येक ग्रुपमध्ये सापडतील. मुंबई-कोकणातल्या हवेत तर विचारूच नका.

याचा दुकानाशी संबंध काय? तुम्ही बूट काल घेतले असतील, पण ते गोदामात कधीपासून पडून आहेत हे तुम्हाला माहीत नसतं. ५० टक्के सूट असलेल्या सेलमध्ये ही शक्यता आणखी वाढते. म्हणून खोक्यावरचं लेबल वाचा. पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार पॅकिंगवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष, कमाल किरकोळ किंमत, उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क द्यावा लागतो. बूट आवडले की खोकं दुकानातच टाकून येणाऱ्यांपैकी मीही एक होते. आता खोक्याच्या लेबलचा फोटो आधी काढते.

घरी बसून दोषाचा थोडाफार अंदाज घेता येतो. फोम बोटाने दाबल्यावर भुसभुशीत होऊन गळत असेल तर बहुधा हायड्रोलिसिस. दोन्ही बाजू साफ, गुळगुळीत सुटल्या असतील आणि डिंकाचा थर तसाच चमकत असेल तर चिकटवण्यातच गडबड असण्याची शक्यता जास्त. आणि सोलची कड वितळल्यासारखी, आकसलेली दिसत असेल तर जरा स्वतःला विचारा, मागच्या ट्रेकला गावातल्या चुलीशेजारी बूट वाळवायला ठेवले होते का? उष्णतेने डिंक सुटतो. तो दोष दुकानाच्या माथी मारता येणार नाही.

आयोगापुढे प्रकरण गेलं आणि नुसतं बघून दोष ठरत नसेल, तर वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे. त्याचं शुल्क सुरुवातीला तक्रारदाराला भरायला सांगितलं जाऊ शकतं. याच कारणासाठी एक गोष्ट अजिबात करू नका: बूट चिकटवू नका, शिवू नका. दुकानातला मुलगा प्रेमाने फेव्हिक्विक पुढे करतो तेव्हा तुमचा पुरावा त्याखाली चिकटून जाणार असतो.

'मायनस १०' लिहिलेल्या बॅगेत थंडी का वाजते?

डिसेंबरात केदारकांठ्याला जाणारी मराठी मंडळी काही कमी नाहीत. त्यातल्या अनेकांची तक्रार असते की बॅगेवर उणे १० अंश लिहिलं होतं, बाहेर तेवढी थंडी नव्हतीही, तरी रात्रभर कुडकुडलो.

स्लीपिंग बॅग मोजण्याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २३५३७. त्याआधी युरोपात ईएन १३५३७ वापरलं जायचं. या पद्धतीत एका बॅगेसाठी वेगवेगळी तापमानं दिली जातात. 'कम्फर्ट' म्हणजे सर्वसाधारण स्त्री सैलावून, थंडी न वाजता झोपू शकेल ते तापमान. 'लिमिट' म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग मुडपून रात्र काढू शकेल ते. आणि 'एक्स्ट्रीम' म्हणजे फक्त जीव वाचेल ते, त्यातही शरीराचं तापमान घसरण्याचा धोका राहतोच. एकाच बॅगेच्या कम्फर्ट आणि एक्स्ट्रीममध्ये वीस-वीस अंशांचा फरक असू शकतो. दुकानात मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा यातला नेमका कुठला, हे विचारल्याशिवाय कळत नाही. काही स्वस्त बॅगांवर तर कुठल्याही मानकाचा उल्लेख नसतो, नुसता आकडा असतो.

इथे माल फाटलेला नाही, शिवण उसवलेली नाही. तरीही विक्रेत्याने 'उणे दहात आरामात झोपाल' असं सांगून विकली असेल, तर वस्तूच्या दर्जाबद्दल खोटी माहिती देणं हेसुद्धा अनुचित व्यापारी प्रथेत येतं. अडचण एवढीच की तो हे तोंडी बोललेला असतो.

यावरचा उपाय जुन्याच एका कायद्यात सापडतो. १९३० च्या वस्तू विक्री कायद्याचं कलम १६ सांगतं की, ग्राहकाने वस्तू कशासाठी हवी आहे ते सांगितलं असेल आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर भरवसा ठेवून घेतली असेल, तर ती त्या कामाला योग्य असण्याची अट विक्रीत आपोआप धरली जाते. मात्र तुम्ही स्वतःच ठराविक ब्रँडचं ठराविक मॉडेल नाव घेऊन मागितलंत, तर हे संरक्षण ढिलं पडतं. म्हणून खरेदीआधी दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज टाका: 'जुलैत सह्याद्रीत ट्रेक करायचे आहेत, ओढे ओलांडावे लागतात, कुठले बूट योग्य?' आलेलं उत्तर जपून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

दुकानदार कधी बरोबर असतो?

हेही सांगायला हवं, कारण सगळीच नकारघंटा बेकायदा नसते.

रंग आवडला नाही, माप चुकलं, ट्रेकच रद्द झाला, यापैकी कशासाठीही माल परत घेण्याची सक्ती कायदा दुकानावर करत नाही. तिथे दुकानाचं स्वतःचं धोरण चालतं. बिलावर 'सात दिवसांत बदलून मिळेल' असं लिहिलं असेल तर ते पाळणं त्यांचं काम, नसेल तर तो त्यांचा चांगुलपणा. सूट देऊन विकलेल्या मालात लपलेला दोष निघाला तर सूट ही सबब होत नाही. पण 'चेन नीट लागत नाही म्हणून निम्म्या किमतीत' असं सांगून रकसॅक विकली असेल, तर त्याच चेनबद्दल नंतर भांडता येणार नाही.

गिर्यारोहणाचा दोर, हार्नेस, स्लिंग या गोष्टी दुकानं परत घेत नाहीत तेव्हा मला ते पूर्ण पटतं. दोर एकदा हाताबाहेर गेला की तो कुठे घासला, त्यावर काय सांडलं, कुणी त्यावर पडलं का, हे बघून ओळखता येत नाही. तो दोर पुन्हा विकणं म्हणजे पुढच्या माणसाच्या जिवाशी खेळ. इथे आपण उलट तपासणी करायची: यूआयएए किंवा सीईची खूण आहे का, उत्पादनाचं वर्ष कुठलं, सोबत माहितीपत्रक आहे का. यूआयएए ही गिर्यारोहण संघटनांची १९३२ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संस्था आहे आणि तिची सुरक्षा मानकं जगभर वापरली जातात.

आणि कर्मचाऱ्याचं उद्धट बोलणं? मनाला लागतं, पण निव्वळ आवाज चढवला म्हणून आयोगाकडून भरपाई मिळणं अवघड. त्या बोलण्यासोबत हक्काची गोष्ट नाकारली असेल तर प्रकरण उभं राहतं.

परत घेण्याची एक जुनी गोष्ट

अमेरिकेतल्या मेन राज्यात १९१२ साली लिओन बीन नावाच्या माणसाने शिकारीसाठीचे बूट विकायला काढले. तळ रबराचा, वरचा भाग चामड्याचा. पहिले १०० जोड गेले आणि त्यातले ९० परत आले, कारण चामडं रबरापासून सुटलं होतं. माझ्या राजगडाच्या बुटाचे पूर्वजच म्हणा! बीनने सगळ्यांचे पैसे परत केले, कर्ज काढलं आणि बूट सुधारले. पुढे 'एल. एल. बीन' ही कंपनी कधीही, काहीही परत घेण्यासाठी प्रसिद्ध झाली. लोकांनी त्याचा इतका गैरफायदा घेतला, अगदी कुणाकुणाच्या जुन्या वस्तू आणून पैसे मागितले, की २०१८ मध्ये कंपनीने ही मुदत एक वर्षावर आणली. आरईआय या दुसऱ्या मोठ्या अमेरिकी साखळीने हेच २०१३ मध्ये केलं होतं. आपल्याकडची दुकानं ग्राहकाकडे संशयाने बघतात त्यामागे अशी काही उदाहरणं असतीलही. ट्रेकच्या आधी तंबू घ्यायचा, सोमवारी चिखलासकट परत करायचा, असे लोक आपल्याकडेही आहेतच.

'कंपनीशी बोला' म्हटल्यावर काय करायचं?

तुम्ही पैसे दुकानाला दिलेत. तक्रार दुकान आणि उत्पादक कंपनी या दोघांविरुद्ध एकत्र करता येते, आणि तशीच करावी, म्हणजे दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसणार नाहीत. सदोष वस्तूमुळे दुखापत झाली, म्हणजे सोल सुटून घोटा मोडला वगैरे, तर २०१९ च्या कायद्यात 'उत्पादन दायित्व' नावाचं वेगळं प्रकरण आहे. त्यात उत्पादकाकडून, आणि काही परिस्थितींत विक्रेत्याकडूनही, नुकसानभरपाई मागता येते.

सुरुवात लेखी तक्रारीने करा. दुकानाला आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला एकच ईमेल: खरेदीची तारीख, रक्कम, काय बिघडलं, फोटो, काय हवं आहे आणि किती दिवसांत. राग गाळून टाका. ऑनलाइन घेतलं असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ती तुमची तक्रार कंपनीपर्यंत पोचवते आणि उत्तर मागते. तरीही मोठ्या साखळी दुकानांवर त्याचा परिणाम होतो. कोपऱ्यावरच्या एकट्या दुकानावर कमी होतो.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची प्रकरणं तिथे चालतात आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य आहे. वकील लागतोच असं नाही. नव्या कायद्यातली सगळ्यात उपयोगी सोय ही की तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. मनालीत घेतलेल्या जॅकेटसाठी मनालीला जायची गरज नाही. तक्रार ऑनलाइन दाखल करण्यासाठी जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' हे पोर्टल सुरू आहे. तपासणी लागणार नसेल तर तीन महिन्यांत आणि लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, हे गृहीत धरून उतरा.

एवढ्याशा रकमेसाठी कोण जातं? चंडीगडमध्ये एक ग्राहक कागदी पिशवीचे तीन रुपये घेतले म्हणून बाटा कंपनीविरुद्ध गेला होता. २०१९ मध्ये तिथल्या ग्राहक मंचाने कंपनीला सुमारे नऊ हजार रुपयांचा भुर्दंड बसवला.

ट्रेक आयोजित करणाऱ्या मित्रांसाठी एक सूचना. व्यवसायासाठी तीस तंबू घेतले असतील तर 'तुम्ही ग्राहकच नाही' असा बचाव समोरचा करू शकतो, कारण व्यावसायिक हेतूने केलेली खरेदी या कायद्याबाहेर आहे. त्याला अपवाद आहे: स्वयंरोजगारातून केवळ स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू. तुमचा ग्रुप त्यात बसतो का, हे तपासून मगच पुढे जा.

रील टाकू का?

टाका, पण जपून. 'अमुक तारखेला बूट घेतले, इतक्या दिवसांत सोल निघाला, हे उत्तर मिळालं' ही माहिती झाली. 'चोर आहेत, फसवणूक करतात' हा आरोप झाला. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे. लोकहितासाठी सांगितलेलं सत्य त्याला अपवाद असलं, तरी ते सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येते. काउंटरवरच्या पोराचा चेहरा तर मुळीच दाखवू नका. परतावा नाकारायचा नियम त्याने बनवलेला नसतो, त्याच्या हातात असतं ते फक्त फेव्हिक्विक.

माझ्या बुटांचं पुढे काय झालं? पहिल्या ईमेलला उत्तर आलं नाही. दुसऱ्यात कलमाचा उल्लेख केला आणि १९१५ वरच्या तक्रारीचा क्रमांक जोडला. आठव्या दिवशी दुकानातून फोन आला, या वेळी मॅनेजर होते. त्यांनी दुसरा जोड देऊ केला. मी खोक्यावरचं उत्पादनाचं वर्ष विचारलं, त्यांनी आत जाऊन पाहिलं आणि थोडा वेळ फोनवर कुणीच बोललं नाही. मग म्हणाले, "मॅम, तुम्ही पैसेच घ्या."